मुंबई ते लंडन : वाट आणि वेळ

इ. स. १७७५ च्या मार्च महिन्यात सुरतेस रघुनाथराव पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. कंपनीने फौज देऊन रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसवावे आणि त्याच्या मोबदल्यात साष्टी व वसई घ्यावी, हा त्या तहाचा मथितार्थ. कलकत्त्याच्या कौन्सिलास तो मानवला नाही. त्यांनी कर्नल अप्टन यास पुरंदरास धाडले, आणि १ मार्च १७७६ रोजी सखाराम बापू व नाना फडणीस यांच्याशी दुसरा तह करून सुरतेचा तह मोडीत काढला. प्रकरण मिटले असे वाटत असतानाच त्या वर्षीच्या पावसाळ्यात लंडनहून कंपनीच्या संचालकांचा खलिता मुंबईस येऊन थडकला. सुरतेचा तह आपणांस पसंत आहे, असा त्यातील आशय! रद्द होऊन काही महिने लोटलेल्या तहाला विलायतेची संमती आता पोहोचली होती. मुंबईकरांना तेच हवे होते. पुरंदरचा तह त्यांनी मनोमन बाजूस सारला, रघुनाथरावांस पुन्हा पाठीशी घातले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास त्यांच्या फौजेला मराठ्यांपुढे नमते घ्यावे लागले. या युद्धाची कारणे अनेक आहेत. परंतु मुंबई आणि लंडन यांमधील अंतर हेही त्यांपैकी एक होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही.

हे अंतर त्या काळी केवढे होते? आफ्रिकेला वळसा घालून जाणारी सागरी वाट सुमारे १९,८०० किलोमीटरांची. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची कृपा असेल तर ती चार-पाच महिन्यांत पार पडे, नसेल तर त्याहूनही अधिक काळ लागे. पत्र आणि त्याचे उत्तर मिळून वर्ष सहज उलटे. अशा स्थितीत लंडनला बसून मुंबईचा कारभार हाकणे म्हणजे गतवर्षीच्या घटनांवर यंदा हुकूम सोडणे होय. रघुनाथरावांनी आपले वकील हणमंतराव यांना विलायतेस पाठविले. १७८१ साली एडमंड बर्क यांनी या ब्राह्मण वकिलाला आपल्या घरी ठेवून घेऊन त्याच्या सोवळ्याओवळ्याची व्यवस्था लावून दिली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी यांचा लंडनमधील मुक्काम तर १८५३ पर्यंत, म्हणजे तेरा-चौदा वर्षे लांबला. ज्यांच्यासाठी ते गेले ते महाराज १८४७ साली काशीस निवर्तले. वकील मात्र तेथेच दाद मागत राहिला.

वाट आखूड करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईतूनच झाला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन सुएझच्या दिशेने निघाली आणि सुमारे महिन्याभराने तेथे पोहोचली. पुढे उंटावरून वाळवंट ओलांडायचे, अलेक्झांड्रियाहून पुन्हा बोट धरायची, अशी ही तुटक तुटक वाट होती. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका खटपट्या खलाशाने तिच्यासाठी आयुष्य वेचले आणि कर्जात बुडून १८५० साली तो मरण पावला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला, आणि आफ्रिकेचा वळसा चुकून सागरी पल्ला सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. पुढच्याच वर्षी समुद्रतळातून मुंबईपर्यंत तार आली. तेव्हापासून बातमीची वेळ आणि माणसाची वेळ यांची फारकत झाली. विलायतेतील मृत्यूची बातमी त्याच दिवशी मुंबईस कळू लागली. मृताने अखेरचे लिहिलेले पत्र मात्र दोन-तीन आठवड्यांनी घरी येई. तारेच्या मागून आलेले असे पत्र उघडण्याचा प्रसंग त्या पिढीतील कित्येक कुटुंबांवर आला असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी टपालाची बोट मुंबईहून मार्सेयपर्यंत जाई आणि तेथून टपालाच्या पिशव्या आगगाडीने फ्रान्स ओलांडीत. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली ती याच मार्सेयच्या बंदरात. तो किनारा इतिहासात आला तो या वाटेवरचा थांबा म्हणूनच. लंडनहून मुंबईस पत्र यावयास तेव्हा सुमारे दोन आठवडे लागत, आणि आगबोटीचा वेग वाढवून त्यात फारशी काटछाट होण्याजोगी नव्हती.

विमानाने हे चित्र पालटले, पण ते एका झटक्यात नव्हे. पहिले महायुद्ध संपताच, १३ डिसेंबर १९१८ रोजी हँडले पेज कंपनीचे एक अवाढव्य चार इंजिनांचे विमान इंग्लंडहून निघाले आणि अडखळत, दुरुस्त्या करीत १९१९ च्या जानेवारीच्या मध्यास कराचीला टेकले. म्हणजे महिना लागला! आगबोट त्याहून लवकर आली असती. तरीही विलायतेहून हिंदुस्थानपर्यंत हवेतून येता येते, हे सिद्ध झाले.

नियमित टपाल-विमान सुरू झाले ते ३० मार्च १९२९ रोजी. इंपीरियल एअरवेज या कंपनीची ही सेवा लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत होती. सात दिवसांचा प्रवास आणि भाडे १३० पौंड. त्या सात दिवसांचा तपशील मोठा गमतीचा आहे. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत जावयाचे. तेथे विमान सोडून आगगाडीत बसायचे आणि आल्प्स पर्वत बोगद्यातून ओलांडून जिनोआ गाठायचे. जिनोआस पाण्यावरून उडणारे जलविमान उभे असे. ते भूमध्य समुद्रातील बंदरांवर थांबत थांबत अलेक्झांड्रियास पोहोचवी. पुढे पुन्हा चाकांचे विमान. गाझा, बगदाद, बसरा, मग इराणच्या किनाऱ्याने बुशहर, लिंगे, जास्क, नंतर ग्वादर आणि अखेर कराची. रात्री उड्डाण नसे. प्रवासी संध्याकाळी उतरत, भोजन करीत, झोपत आणि पहाटे पुन्हा विमानात चढत. एखाद्या यात्रेकरूने धर्मशाळा गाठीत गाठीत काशीला जावे, तशीच ही रीत.

यात सर्वांत अद्भुत टप्पा म्हणजे गाझा ते बगदादमधील वाळवंट. त्या शेकडो किलोमीटरांच्या सपाट प्रदेशात वैमानिकाला दिशा दाखविणारी एकही खूण नव्हती. म्हणून १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने तेथे जमिनीवर नांगराने तास ओढून ठेवला होता. वरून त्या रेघेकडे पाहत पाहत विमान हाकायचे! मध्ये रुतबा या विहिरींच्या ठिकाणी तटबंदीचे विश्रामस्थान होते. इंधन भरणे आणि प्रवाशांचे खाणेपिणे तेथे उरके. बैल शेतात जी रेघ ओढतो तीच आकाशातील वाहनाला वाट दाखवीत होती. पुढच्या काळातील रेडिओ आणि रडार यांच्या तुलनेत हे हास्यास्पद वाटेल, परंतु त्या रेघेने अनेकांचे प्राण वाचविले असतील यात संशय नाही.

मात्र वाळवंट आणि समुद्र यांपेक्षा अधिक अडचण केली ती खालच्या राज्यांनी. इटलीशी मतभेद होताच इटलीच्या बंदरांतून जाणारी वाट त्याच वर्षी सोडावी लागली आणि प्रवाशांना आगगाडीने थेट ग्रीसमधील सालोनिकापर्यंत न्यावे लागले. इराणच्या सरकारने आपला किनारा वापरू देण्यास मुदतीपुढे नकार दिला. तेव्हा १९३२ च्या ऑक्टोबरात सगळी वाट आखाताच्या पलीकडे, अरबी किनाऱ्यावर हलविण्यात आली. शारजाच्या शेखांशी करार करून तेथे विमानांसाठी मैदान आणि तटबंदीचे विश्रामगृह उभारले गेले. त्या जागेचे भाडे शेखांना रुपयांत मिळे, कारण आखातात तेव्हा आपलाच रुपया चाले. आज जेथे मराठी कामगार आणि अभियंते रोज उतरतात, त्या प्रदेशातील विमानांची रहदारी एका नकारातून सुरू झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कराचीपर्यंत टपाल आले, मुंबईचे काय? ते काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी केले. कराचीच्या मैदानावरून एक लहानसे पुस मॉथ विमान एकट्याने चालवीत ते अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतण्यात आले, असे सांगतात. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळ्यात ते निरुपयोगी होई आणि कंपनीला आपले बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. पुढे मद्रासच्या वाटेवर हैदराबाद आले. १९३५ साली मुंबईहून गोवा व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमला विमान जाऊ लागले, आणि १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या मार्गाने दिल्लीस. म्हणजे इंदूरच्या राजवाड्याजवळ टाकलेले पत्र हवेतूनच मुंबई आणि कराची गाठून पुढे लंडनकडे जाऊ लागले. ग्वाल्हेरला तर त्या सुमारास दुसराही मान मिळाला. कराची-कलकत्ता वाटेवरील इंपीरियलची जलविमाने राजसमंदच्या तलावावर आणि नंतर ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत. १९३८ पर्यंत लंडन-कराची हा प्रवास सुमारे तीन दिवसांवर आला होता.

याच वाटेवरची १९३० सालची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. इंग्लंड-हिंदुस्थान हा पल्ला महिन्याच्या आत एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पीचे विमान स्पार्क-प्लगवाचून अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. हाच तरुण पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्र बंद झाला, आणि काळाचे चक्र उलटे फिरल्यासारखे झाले. विलायतेचे टपाल पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून बोटीने डर्बनला जाऊ लागले. तेथून ते विमानाने कैरो आणि कराचीकडे वर येई. घोड्याच्या नालेसारख्या आकारामुळे त्या वाटेला तेच नाव पडले. हिंदुस्थानी सैनिकांच्या घरची पत्रे अशा फेऱ्यांत महिनेच्या महिने हिंडली.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. कॅप्टन के. आर. गझदर विमान चालवीत होते. थांबे दोनच, कैरो व जिनिव्हा. वेळ सुमारे चोवीस तास. सात दिवसांचा एक दिवस झाला. या वाटेत कराची नव्हती. फाळणीला दहा महिनेही झाले नव्हते, आणि ज्या शहरातून मुंबईचे हवाई टपाल जन्माला आले ते शहर परदेश होऊन बसले होते.

पुढील दोन घटना मात्र वेगाच्या कौतुकात विसरू नयेत अशा आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. आतील ४८ माणसांपैकी कोणीही वाचले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून निघून दिल्ली व बैरूतमार्गे जिनिव्हा आणि लंडनकडे जाणारे ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच पर्वतावर कोसळले. ११७ माणसे गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. जो पर्वत १९२९ चे प्रवासी आगगाडीत बसून पायथ्याच्या बोगद्यांतून टाळीत होते, त्या पर्वतराजीने आपला कर असा वसूल केला. तेथील हिमनदी अतिशय मंद गतीने खाली सरकते आणि गिळलेल्या वस्तू वर्षांनी परत करते. २०१२ साली तिच्यातून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची एक पिशवी निघाली. २०२० साली इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी पहिल्या पानावर असलेली भारतीय वर्तमानपत्रे सापडली. शिडाच्या जहाजानेही कधी पत्राला इतका वेळ लावला नव्हता.

१९६० च्या एप्रिलमध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने या वाटेवर आली आणि प्रवासाचा वेळ पुन्हा जवळजवळ निम्मा झाला. त्यानंतर थांबे गळत गेले. आज मुंबईहून थेट लंडनला जावयास सुमारे साडेनऊ ते दहा तास लागतात. परतताना मात्र तासभर कमी, कारण त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घड्याळाचा हिशेब वेगळाच. पहाटे निघालेला माणूस त्याच सकाळी लंडनला उतरतो, कारण वाटेत त्याला साडेपाच तास, आणि विलायतेच्या उन्हाळ्यात साडेचार तास, फुकट मिळालेले असतात. मुंबईने स्वतःची निराळी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती, तेव्हा तर हा हिशेब मिनिटांच्या अपूर्णांकापर्यंत जाई.

आता पृथ्वीचा गोल घेऊन मुंबई आणि लंडन या दोन टिंबांत एक दोरा ताणून धरावा. भिंतीवरच्या सपाट नकाशाने डोळ्यांना लागलेली सवय येथे फसते. दोरा कैरो किंवा जिनिव्हाच्या अंगाला फिरकतही नाही. तो मुंबईहून वायव्येस निघतो, जवळजवळ कराचीवरून जातो, बलुचिस्तान आणि पूर्व इराण ओलांडतो, कास्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून कॉकेशस गाठतो, काळ्या समुद्राच्या काठाने क्रिमियावरून युक्रेनमध्ये शिरतो आणि पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेजवळून जर्मनीमार्गे लंडनला टेकतो. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. कैरो-जिनिव्हाची वाट याहून सुमारे ७०० किलोमीटर अधिक लांब होती.

या दोऱ्यावरून सरळ जाणे विमानांना क्वचितच साधले, आणि त्याचे कारण यंत्रांत नाही. सोव्हिएत काळात कॉकेशस व क्रिमियावरचे आकाश परक्या विमानांना सर्रास खुले नव्हते. १९७१ च्या जानेवारीत ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले आणि ही कोंडी १९७६ मध्ये सुटली. २००२ व २००३ ही दोन वर्षे दोन्ही देशांची आकाशे एकमेकांना बंद होती. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने पुन्हा तेच केले. गोव्याच्या जुन्या मंडळींना याचा निराळा मासला आठवेल. पोर्तुगीज राजवटीने १९५५ साली दाबोळीस विमानतळ उभारला तेव्हा भारताच्या कोंडीमुळे तेथील विमाने कराची गाठीत, आणि लिस्बनची वाट तिकडून जाई. बेळगावला जावयाचे म्हटले तर सीमेवर अडवणूक आणि युरोपला जावयाचे तर कराचीचा फेरा, असा प्रकार १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालला.

समुद्राचेही तसेच. १९६७ च्या युद्धात बंद पडलेला सुएझचा कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला, आणि तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या डिसेंबरपासून कित्येक मालवाहू जहाजांनी पुन्हा आफ्रिकेचा तो जुना, रघुनाथरावांच्या वेळचा वळसा धरला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आणि काही दिवसांतच भारतानेही तसेच केले. दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना याचा मोठा फटका बसला. मुंबईच्या विमानांना समुद्रावरून पश्चिमेस निघून आखाताकडे जाता येत असल्यामुळे त्यांना झळ कमी लागली. १९३२ साली टपालाची विमाने ज्या अरबी किनाऱ्यावर सरकली होती, तोच किनारा त्यांच्या कामी आला. पण मग जूनमध्ये आखाताच्या उत्तरेचेही आकाश पेटले. १२ जून रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून २६० जणांचा बळी गेला होता. त्या धक्क्यातून माणसे सावरली नसतानाच दुसऱ्या दिवशी पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला चढविला आणि इराण-इराकवरील वाटा मिटल्या. लंडनहून मुंबईस येणारे एक विमान व्हिएन्नाकडे वळविण्यात आले. त्याच पहाटे मुंबईहून लंडनला गेलेले विमान काही तास आकाशात काढून त्याच सकाळी परत मुंबईच्याच धावपट्टीवर उतरले.